माजघरांतील शास्त्र : तारेनें किती शहाणें असावें ?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं जो प्रकार घडला तो छापून काढावा, असें आमच्या मनांत मुळींच नव्हतें. घरची गोष्ट घरांत राहावी, अशा वळणांत आम्ही वाढलों. परंतु ज्यांच्यावर तो प्रसंग गुदरला त्या आमच्या वहिनींनींच आम्हांस सांगितलें, "भावोजी, खुशाल लिहा. माझी फजिती व्हावयाची ती झाली. दुसऱ्या घरच्या एखाद्या म्हातारीची तरी टळेल." त्यांच्या अनुज्ञेनें हा विषय या महिन्याच्या सदरांत घेत आहों.

वहिनींचें वय त्र्याहत्तर. आमचे थोरले बंधु वारल्यापासून त्यांचा दिवस देवपूजा, वाचन आणि संध्याकाळची वाट पाहणें यांत जातो. कारण त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात, व आपल्याकडे दिवेलागण झाली म्हणजे तिकडून नात मोबाइलवर दिसते, बोलते, शाळेंत शिकविलेलें गाणें म्हणून दाखविते. एके दिवशीं भर दुपारीं त्याच मोबाइलवर नातीऐवजीं खाकी पोशाखांतील एक गृहस्थ दिसूं लागले. मागें भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर ध्वज, सारा थाट कचेरीचा. "तुमच्या नांवाचें एक पार्सल पकडलें असून त्यांत अमली पदार्थ सांपडले आहेत, तुम्हांस 'डिजिटल अटक' करण्यांत आली आहे, कॅमेरा बंद करावयाचा नाहीं, खोलीबाहेर जावयाचें नाहीं, कोणाशीं एक अक्षर बोलावयाचें नाहीं," असें दटावून त्यांनीं वहिनींस दोन तास खुर्चीवर खिळवून ठेविलें. बँकेंतील ठेवींचा तपशील विचारून झाला, आणि ती रक्कम 'तपासापुरती' सरकारी खात्यांत कशी भरावयाची, हें समजावून देण्याचें काम सुरू झालें, इतक्यांत आमच्या सूनबाई चहा घेऊन गेल्या. त्या घरूनच कचेरीचें काम करितात. मोठ्या आईंच्या खोलीस दुपारीं आंतून कडी, आणि आंत परक्या पुरुषाचा आवाज ! त्यांनीं दार उघडविलें, फोन हातांतून घेतला आणि बंद केला. पैसा वांचला. त्याच दिवशीं १९३० या मदतक्रमांकावर तक्रारही नोंदविली.

पैसा वांचला, पण वहिनींची उमेद गेली. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं तो मोबाइल आमच्यापुढें आणून ठेविला व म्हणाल्या, "हें यंत्र आतां मला नको." म्हणजे नात नको, असाच त्याचा अर्थ होता, आणि तो सर्वांस समजला.

रविवारीं जेवणें झाल्यावर माजघरांत या गोष्टीचा खल झाला. आमचे धाकटे बंधु वकील आहेत. ते म्हणाले, "नगरपालिका पाणी देते तें गाळून देते. मग ज्या कंपनीची तार आपल्या घरांत आली आहे, तिनें ही घाण वाटेंतच कां अडवूं नये ? सरकारनें तसा कायदाच केला पाहिजे." सर्वांनीं माना डोलविल्या, आम्हींही डोलविली. एकट्या सूनबाई म्हणाल्या, "काका, पाकिटाच्या आंत काय आहे हें तारेला कळत नाहीं. ती तशीच बांधली आहे, आणि मुद्दाम बांधली आहे."

'मुद्दाम' हा शब्द आमच्या मनांत रुतून बसला. ज्या वस्तूवर आज बँक, शाळा, रेल्वेचें तिकीट आणि नातीचें गाणें हें सारें अवलंबून आहे, ती बांधणाऱ्यांनीं तिला जाणूनबुजून अडाणी कां ठेविलें असावें ? सूनबाईंस प्रश्न विचारून व स्वतः धुंडाळून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें मांडतों.

प्रथम जुना टेलिफोन घ्या. त्याच्या रचनेंत सारें शहाणपण मध्यभागीं, म्हणजे एक्स्चेंजांत असे. दोन माणसें बोलूं लागलीं कीं त्यांच्यासाठीं एक सबंध वाट राखून ठेविली जाई. घरांतलें यंत्र अगदीं साधें. त्यास काय करतां येईल व काय येणार नाहीं, हें मधला मालक ठरवी. अमेरिकेंत ए. टी. अँड टी. या कंपनीचा त्या धंद्यांत जवळजवळ मक्ताच होता, व आपल्या यंत्रास परकी वस्तु जोडूं नये असा तिचा नियम होता. 'हश्-अ-फोन' या नांवाची एक पेल्यासारखी साधी वस्तु होती. ती फोनच्या तोंडाशीं बसविली म्हणजे शेजारच्यास बोलणें ऐकूं जात नसे. तीवरही कंपनीनें हरकत घेतली आणि सरकारी आयोगानें ती मान्य केली ! अखेर इ. स. १९५६ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें निर्णय फिरविला. पुढें १९६८ सालीं 'कार्टरफोन' नांवाच्या यंत्राच्या प्रकरणीं आयोगानेंच ठरविलें कीं, जाळ्यास अपाय होत नसेल तर ग्राहकानें हवें तें यंत्र जोडावें. संगणकास टेलिफोनच्या तारेवर बोलावयास लावणारा 'मोडेम' घरोघर जाऊं शकला, तो या निर्णयांनीं वाट मोकळी केल्यामुळें. एका पेल्याच्या तंट्यांतून केवढा दरवाजा उघडला, तें पाहण्यासारखें आहे.

याच सुमारास पॉल बॅरन हे अमेरिकेंतील रँड संस्थेंत एका निराळ्या विवंचनेंत होते. अणुयुद्धांत एक्स्चेंज नष्ट झालें तर सर्व दळणवळणच खुंटणार. त्यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत असें सुचविलें कीं, मध्यभागच ठेवूं नये. मासे धरण्याच्या जाळ्याप्रमाणें पुष्कळ गांठी असाव्या, आणि संदेशाचे लहान लहान तुकडे करून ज्या वाटेनें जमेल त्या वाटेनें ते पुढें ढकलावे. इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनाही स्वतंत्रपणें हीच कल्पना सुचली, आणि त्या तुकड्यांस 'पॅकेट', म्हणजे आपलें पाकीट, हें नांव त्यांनींच दिलें. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील दोन संस्थांमध्यें या पद्धतीचा पहिला संदेश गेला. पाठवावयाचा होता 'लॉगिन' हा शब्द. त्याचीं पहिलीं दोन अक्षरें पोहोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. आरंभ असा अडखळतच झाला.

पाकिटांची युक्ति समजण्यास सोपी आहे. समजा, एक लांबलचक पत्र आपणांस केवळ पोस्टकार्डांवरच धाडावयाचें आहे. आपण शंभर कार्डें लिहाल, प्रत्येकावर पत्ता घालाल व अनुक्रमांक टाकाल. पोस्टमन कार्ड वाचीत नाहीं. पत्ता पाहतो आणि पुढें देतो. एखादें कार्ड गहाळ होईल, एखादें मागाहून येईल. घेणारा क्रमांक लावील, व 'सदतिसावें आलें नाहीं, पुन्हां धाडा' असें कळवील. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं जी रचना मांडली तिचें मर्म हेंच, व १ जानेवारी १९८३ पासून त्या जुन्या जाळ्यानें तीच स्वीकारली. क्रम लावणें, हरवलेलें पुन्हां मागणें, हीं सारीं कामें दोन्ही टोकांच्या यंत्रांचीं. मधल्या यंत्रानें पत्ता पाहावा आणि ढकलावें.

असें कां करावें, याचें शास्त्रोक्त उत्तर जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड व डेव्हिड क्लार्क या तिघांनीं १९८१ सालीं एका परिषदेंत वाचलेल्या व १९८४ मध्यें छापलेल्या निबंधांत दिलें. आपल्या घरचें उदाहरण घेऊं. पुण्याहून नागपुरास लेकीकडे शंभर करंज्या आगगाडीनें धाडल्या. वाटेंतील प्रत्येक स्टेशनावर मास्तरांनीं डबा उघडून करंज्या मोजल्या, व सर्वांनीं 'शंभर' अशी नोंद केली. तरीही लेकीस मोजाव्याच लागतील. कारण भरतांनाच नव्याण्णव भरल्या असतील, किंवा शेवटचें स्टेशन सोडल्यावर एखादी फुटली असेल. शेवटीं मोजणें जर चुकतच नाहीं, तर प्रत्येक स्टेशनावर गाडी खोळंबवून काय लाभ ? मध्यें मोजल्यानें एखादी चूक लवकर कळेल, एवढाच उपयोग. कामाची पूर्ण खात्री ज्यास हेतु ठाऊक आहे त्या टोकासच करून घेतां येते, मध्यास नाहीं.

हा केवळ तर्क नव्हता. मॅसॅच्युसेट्स येथील त्यांच्याच संस्थेंत प्रत्येक दुव्यावर तपासणी होत असे, आणि मंडळी तिच्या भरंवशावर निर्धास्त होती. परंतु एका मधल्या संगणकांतच दोष उत्पन्न झाला. एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत माहिती उतरवितांना, दहा लाख अक्षरांमागें सुमारें एकदां, तो लगतच्या दोन अक्षरांची अदलाबदल करी. दुव्यांवरील तपासणींत सर्व ठीक दिसे, आणि महत्त्वाचे मजकूर हळूहळू नासत गेले. शेवटीं मालकांस जुने छापील कागद काढून हातानें ताडून पाहावे लागले ! पहारेकरी सर्व जागे होते, परंतु चोरी पहारेकऱ्याच्या चौकींतच झाली.

आतां या अडाणीपणाचें फळ पाहा. तारेला आंतला मजकूर कळत नसल्यामुळें नवा मजकूर, नवी सोय, नवा धंदा सुरू करण्यास तारेच्या मालकाची परवानगी लागेनाशी झाली. रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडण्याची युक्ति काढली. जें जाळें मुख्यतः दूरचे संगणक वापरण्यासाठीं बांधलें होतें, त्यावर थोड्याच वर्षांत पत्रांचीच गर्दी झाली. स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें 'वेब'ची कल्पना मांडली. तीसाठीं कोणत्याही टेलिफोन कंपनीकडे अर्ज करावा लागला नाहीं. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ती विनामूल्य सर्व जगास खुली केली.

फ्रान्समध्यें याच्या अगदीं उलट मार्ग स्वीकारला होता. तेथील सरकारी टेलिफोन खात्यानें १९८०च्या सुमारास 'मिनिटेल' नांवाचें यंत्र घरोघर देण्यास आरंभ केला. तें वाईट नव्हतें. टेलिफोनची यादी, रेल्वेचें तिकीट, घरबसल्या खरेदी, हें सारें फ्रेंच गृहिणीस इतर जगाच्या पुष्कळ आधीं मिळालें. परंतु कोणती सेवा चालावी व तिचे पैसे कसे वसूल व्हावे, हें मध्यभागीं ठरे. सुरुवात त्यांची पुढें. पण जग त्यांच्या वाटेनें गेलें नाहीं, आणि ३० जून २०१२ रोजीं मिनिटेल बंद झालें. सुव्यवस्थित मध्य जें ठाऊक आहे तें उत्तम करितो. जें अजून कोणाच्या डोक्यांत आलेलें नाहीं, त्यास मात्र त्याच्यापाशीं जागा नसते.

एक उदाहरण आपल्या भाषेचें. इंटरनेट ज्यांनीं बांधलें त्यांनीं देवनागरीचा विचार केला नव्हता. परंतु तारेला इंग्रजीही कळत नव्हती. तिला केवळ शून्य आणि एक हीं दोनच चिन्हें ठाऊक. १९९१ साली 'युनिकोड' या जागतिक संकेतांत देवनागरी अक्षरांस क्रमांक मिळाले, दोन्ही टोकांच्या यंत्रांस ते शिकविले गेले, आणि आपली बाराखडी त्याच तारेवरून वाहूं लागली. मधल्या कोणाही कंपनीस 'मराठीसाठीं निराळी सोय करा' अशी विनवणी करावी लागली नाहीं. तारेला मराठी येत नाहीं, म्हणूनच तारेवर मराठी चालते.

येथवर तंत्राचा भाग झाला, आतां राजनीतीचा. अडाणी तारेंत मालकाचा नफा थोडा. रस्ता बांधणाऱ्यास वाटतें कीं, माझ्या रस्त्यावर मिठाईचें दुकान चाललें तर मिठाईंत माझाही वांटा असावा. पुढें पाकिटांत डोकावून पाहणारीं यंत्रेंही निघालीं, आणि मोह प्रत्यक्षांत उतरूं लागला. इ. स. २००५ मध्यें अमेरिकेंतील मॅडिसन रिव्हर या लहान टेलिफोन कंपनीनें इंटरनेटवरून होणारीं संभाषणें अडविलीं, कारण त्यांनीं तिचा टेलिफोनचा धंदा बसत होता. आयोगानें तिला पंधरा हजार डॉलर भरावयास लावून तें थांबविलें. २००७ मध्यें कॉमकास्ट ही मोठी कंपनी फाइलींची देवघेव करणारीं एका प्रकारचीं पाकिटें गुपचूप तोडीत असल्याचें उघडकीस आलें. तेव्हांपासून तारेनें सर्व पाकिटांस समदृष्टीनें वागविलें पाहिजे, या तत्त्वावर त्या देशांत झगडा चालू आहे. २०१५ सालीं तसा नियम झाला, २०१७ मध्यें तो रद्द झाला, २०२४ मध्यें पुन्हां आला, आणि २ जानेवारी २०२५ रोजीं न्यायालयानें, आयोगास तसा अधिकारच नाहीं म्हणून, तो मोडून काढला.

आपल्या देशाचा इतिहास अधिक समाधानकारक आहे. सर्वसामान्यांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें खुलें केलें. परंतु त्यावरून टेलिफोनप्रमाणें बोलण्यास सरकारची बंदी होती. ती १ एप्रिल २००२ पासून अंशतः उठली. तारेला बोलणें आणि लिहिणें यांतला भेद ठाऊक नव्हता. तो कायद्यानें वर आणून ठेविला होता. डिसेंबर २०१४ मध्यें एअरटेल कंपनीनें इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणांस निराळा दर लावण्याचें जाहीर केलें, व लोकक्षोभामुळें तो बेत सोडला. मार्च २०१५ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, ज्यास 'ट्राय' म्हणतात, लोकांचीं मतें मागविलीं. दहा लाखांहून अधिक पत्रें आलीं ! याच वर्षीं फेसबुकनें कांहीं निवडक संकेतस्थळें गरिबांस फुकट देऊं करणारी एक योजना आणली. तिचें पुढील नांव 'फ्री बेसिक्स'. फुकट मिळणाऱ्या वस्तूस नाहीं म्हणणें कठीण असतें. गरिबास अजिबात नसण्यापेक्षां थोडें तरी मिळालें तर काय वाईट, हा प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. परंतु ज्यास पहिल्यानेंच इंटरनेट दिसणार, त्यानें त्याचा कोणता कोपरा पाहावा हें मधल्यानें ठरवावें काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ट्रायनें निर्णय दिला कीं, मजकुराप्रमाणें दर निराळा आकारतां येणार नाहीं. जो आकारील त्यास दररोज पन्नास हजार रुपये, आणि अधिकांत अधिक पन्नास लाख रुपये दंड. जुलै २०१८ मध्यें सरकारनेंही समदृष्टीचें हें तत्त्व मान्य करून परवान्यांच्या अटींत घातलें.

दक्षिण कोरियानें निराळा रस्ता धरला. तेथें २०१६ पासून, ज्याच्या जाळ्यांतून मजकूर निघेल त्यानें दुसऱ्या जाळ्यास पैसे द्यावे, अशी व्यवस्था आहे. तो भार अखेर मजकूर देणाऱ्यांवर पडला. 'ट्विच' ही खेळांचीं चित्रें दाखविणारी परदेशी संस्था, हा खर्च पेलत नाहीं असें सांगून, फेब्रुवारी २०२४ मध्यें तो देश सोडून गेली. मोठ्या संस्थांकडून जाळ्याचा खर्च वसूल करावा, अशी मागणी आपल्याकडील कंपन्यांनींही केलेली आहे. ती ऐकतांना हें उदाहरण डोळ्यांआड करूं नये. कारण मोठी संस्था कर भरील, परंतु ज्याची सुरुवातच व्हावयाची आहे तो कोठून भरील?

इतकें सारें मीं पुढील रविवारीं माजघरांत मोठ्या उत्साहानें सांगितलें. आमचे वकील बंधु शांतपणें ऐकून म्हणाले, "ठीक. तुझी तार निष्पक्षपाती आहे. तिनें नातीचें गाणें आणलें आणि तितक्याच निष्पक्षपातानें तो चोरही वहिनींच्या खोलींत आणून सोडला. त्याचें काय ?"

हा आक्षेप खरा आहे, आणि तो पहिल्यानें आमच्या बंधूंनींच घेतला असेंही नव्हे. त्या तिघां विद्वानांपैकीं डेव्हिड क्लार्क यांनींच २००१ सालीं मार्जरी ब्लूमेंथॉल यांजसह निबंध लिहून सांगितलें कीं, आरंभीं जाळ्यावरील माणसें परस्परांवर विश्वास ठेवणारीं होतीं. आतां तशीं राहिलीं नाहींत, व त्यामुळें सर्व शहाणपण टोकांवर सोंपविण्याचें तत्त्व चोहों बाजूंनीं ताणलें जात आहे. मग कोणतें काम मध्यानें करावें ? आमच्या समजुतीप्रमाणें कसोटी तीच करंज्यांची. जें काम मध्यास पुरतेपणीं करतां येतें, तें त्यानें अवश्य करावें. टेलिफोनवर दिसणारा क्रमांक खरा कीं खोटा, हें टेलिफोन कंपनीस कळण्याजोगें आहे. परदेशांतून येऊन भारतीय क्रमांक मिरविणारे खोटे कॉल अडविण्याची व्यवस्था सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें केली, ती योग्यच झाली. परंतु पलीकडचा खाकी पोशाख खरा कीं नाटकी, हें तारेस कसें कळावें ? तें कळण्यासाठीं तिनें प्रत्येक घरांतलें प्रत्येक संभाषण ऐकलें पाहिजे. शिवाय आजच्या बहुतेक संभाषणांवर दोन्ही टोकांनीं कुलूप घातलेलें असतें. व्हॉट्सॲपनें तें एप्रिल २०१६ मध्यें सर्वांसाठीं पुरें केलें. तें कुलूप मोडल्यावांचून मध्यास कांहींच दिसणार नाहीं. आणि चोरासाठीं मोडलेलें कुलूप सर्वांसाठींच मोडलेलें असतें.

"मोडलें तर मोडलें," बंधु म्हणाले. "ज्याच्या मनांत कांहीं काळेंबेरें नाहीं, त्यानें कशाला भ्यावें ?"

यावर आम्ही उत्तर शोधीत होतों, इतक्यांत वहिनी बोलल्या. आठवडाभर त्या या विषयावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, मामंजी घरांत येणारें आणि घरांतून जाणारें प्रत्येक पत्र आधीं आपण वाचीत, हें तुम्हां दोघांस आठवत असेल. त्यांच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. घरावर कांहीं किटाळ येऊं नये एवढाच हेतु. पण लग्नानंतर पहिलीं चार वर्षें मीं माझ्या आईस 'इकडील सर्व क्षेम' यापलीकडे कांहीं लिहिलें नाहीं. माझें पहिलें मूल गेलें, तेंही मामंजींनीं माझ्या वडिलांस कळविलें तेवढेंच. माझें मीं आईला कधीं लिहूं शकलें नाहीं. माझ्या मनांत काय काळेंबेरें होतें ?"

माजघरांत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. आमचे वडील पत्रें उघडीत, हें आम्हांस ठाऊक होतें. तो घराच्या काळजीचा भाग आहे, असेंच आम्ही आजवर मानीत आलों होतों. ज्याची पत्रें उघडलीं जातात, तो पुढें पत्र लिहितच नाहीं, हें पन्नास वर्षांत एकदांही आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. तारेनें किती शहाणें असावें या प्रश्नाचें जें उत्तर आम्ही महिनाभर ग्रंथांत शोधीत होतों, तें आमच्याच घरांत इतकीं वर्षें न बोलतां बसलें होतें. बंधूंनींही पुढें वाद घातला नाहीं.

मग राहतें तें काम टोकांचें, म्हणजे आपलें. सूनबाईंनीं वहिनींच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकाची घंटी न वाजण्याची व्यवस्था केली. बँकेंत जाऊन एका दिवसांत किती रक्कम बाहेर जाऊं शकेल, त्यास मर्यादा घालून घेतली. 'डिजिटल अटक' अशी वस्तु आपल्या कायद्यांतच नाहीं, हें पंतप्रधानांनीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं आकाशवाणीवरून देशास सांगितलें होतें. परंतु तें आमच्या घरांत कोणी वहिनींस सांगितलें नव्हतें. हा दोष तारेचा नव्हे, आमचा. जाळें बांधणाऱ्यांनीं शहाणपण टोकांवर सोंपविलें याचा अर्थ, टोकांस शहाणें करण्याचें कामही कोणावर तरी सोंपविलें. आणि ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें तें काम धाकट्यांनीं थोरल्यांसाठीं व थोरल्यांनीं धाकट्यांसाठीं करावयाचें असतें. शाळा, बँका आणि सरकार यांचाही त्यांत वांटा आहे. लोकांस शिकविण्यावर खर्च करण्यापेक्षां तारेवर पहारा बसविणें राज्यकर्त्यांस नेहमींच सोपें वाटतें. म्हणून नागरिकांनीं त्यांना त्याची आठवण करून देत राहिलें पाहिजे.

शेवटचा नियम वहिनींनीं स्वतः केला, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक पटला. जो कोणी 'हें कोणास सांगूं नका' असें म्हणेल, त्याची गोष्ट तत्क्षणीं मोठ्यानें हांक मारून घरांत सांगावयाची. खोलीची कडी आतां दिवसा लावली जात नाहीं.

त्या रात्रीं आठ वाजतां वहिनींनीं आमच्या टेबलावरून आपला मोबाइल उचलून नेला. थोड्या वेळानें त्यांच्या खोलींतून नातीच्या गाण्याचे सूर येऊं लागले. पुढें त्या दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या. काय बोलत होत्या तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, आणि येण्याचें कारणही नव्हतें.